ज्याला हवं तो उतरवून घेईल

"ज्याला हवं तो उतरवून घेईल," असं म्हणत ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि यादीतली एक ओळ पुसून टाकायचे. असा निकाल देणारा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल.

डोंबिवलीत एका क्लासच्या खोलीत आम्ही काही जण दर रविवारी जमायचो. मराठी शाळांच्या जुन्या संगणकांसाठी लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची आमची आवृत्ती तयार करायचो. मी मराठी शाळेमुळे इथवर आलो, म्हणून जायचो. आवृत्तीत कोणते प्रोग्राम आधीपासून असावेत आणि कोणते ज्याने-त्याने नेटवरून उतरवून घ्यावेत, हे मात्र एकटे तेच ठरवायचे. निवृत्त अधिकारी. सही करायचा अधिकार गेला, म्हणून पुसायचा घेतलेला.

त्यांचा न्याय बघा. बुद्धिबळाचे खेळ तीन, कारण ते खेळत. ग्रहताऱ्यांचा नकाशा, कारण त्यांच्या गच्चीवर दुर्बीण होती. मराठी कीबोर्ड मात्र "जागा खातो". स्वतः मराठीसुद्धा इंग्रजी अक्षरांत लिहिणार, आणि फळ्यावरच्या माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर बोट ठेवणार. "घरातला पहिलाच पदवीधर ना तू? दिसतंच."

एकदा मी म्हणालो, "सर, ताटात मीठ आधी वाढतात. पाहुण्याला 'दुकानातून आण' म्हणत नाहीत."

"अरे, ही काय पंगत आहे?"

सगळे हसले. मीही हसलो, त्याची अजून लाज वाटते.

ती आवृत्ती घेऊन आम्ही शहाडजवळच्या एका शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाई कौतुकाने संगणकापुढे बसल्या आणि शाळेचं नाव लिहू लागल्या. इंग्रजी अक्षरं उमटली.

"मराठी कुठंय ओ?"

"उतरवून घ्या मॅडम, दोन मिनिटांचं काम," सर म्हणाले.

"कशावरून? इथे नेट नाहीये." बाई उठल्या. "चला मुलींनो, बुद्धिबळ खेळा."

परतताना रिक्षात त्यांनी कपाळावरचा चष्मा काढून खिशात ठेवला. खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. यादी मात्र घरूनच बदललेली होती. पहिल्याच ओळीत मराठी कीबोर्ड, आणि पुढे त्याच कीबोर्डवर टाइप केलेला शेरा: "मिठ". चक्क ऱ्हस्व! बुद्धिबळाचे तिन्ही खेळ जागच्या जागी.

ते पुन्हा आलेच नाहीत. काही महिन्यांनी ते गेल्याचं कळलं.

आता यादी माझ्याकडे असते. दोन खेळ मी पुसले. तो शेरा दर आवृत्तीत माझ्यापुढे येतो. अजून मी तो दीर्घ केलेला नाही.