सातारा ते सांगली, चारशे वाक्प्रचारांसह

सातारा स्टँडवरून सांगलीची गाडी सुटली आणि माझ्या भाचीने, रोहिणीने, डोळे मिटून पुटपुटायला सुरुवात केली. तिघांच्या बाकावर आमच्या शेजारी बसलेल्या बाईंना वाटलं, पोरगी जप करतेय. त्यांनी भक्तिभावाने हात जोडले. जप कसला! मी स्वतः लिहून दिलेली चारशे इंग्रजी वाक्प्रचारांची यादी होती ती, एपासून झेडपर्यंत, प्रत्येकापुढे मराठी अर्थ.

रोहिणी नर्स आहे, पाटणची. विलायतेतल्या एका इस्पितळासाठी निवड चालू होती आणि मुलाखत सांगलीला, विश्रामबागेत होती. तिथे रुग्ण बोलतात तसल्या भाषेतला उतारा वाचायला देतात आणि अर्थ विचारतात. मागच्या खेपेला ती तिथेच आपटली होती. पुन्हा आपटली की नाव कायमचं कटणार. मी तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला तिचा मामा, तेव्हा तयारी मीच करून घेणार हे ओघाने आलं. मागच्या वेळीही मीच करून घेतली होती, पण तो विषय घरात कुणी काढत नाही.

"'ऑन द मेंड' म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"थांबा मामा," म्हणून ती 'ओ'च्या पहिल्या वाक्प्रचारापासून सुरू झाली. पाढ्यातलं मधलंच विचारलं की पोरं बारा एके बारापासून निघतात, तशी. 'प्रकृती सुधारणे' हा अर्थ येईपर्यंत नागठाणे मागे पडलं.

"अगं, रुग्ण काय तू पोचेपर्यंत थांबणार आहे का?"

"पाठच तसं झालंय. मी काय करू?" ती रडवेली झाली.

माझं डोकं फिरलं. त्यात महामार्गाचं काम चाललेलं. दर चार मैलांवर गाडी बाजूच्या कच्च्या रस्त्यावर उतरायची, धुळीचा लोट खिडकीतून आत यायचा आणि रोहिणीची ओळ तुटायची. तुटली की पुन्हा पहिल्यापासून. उंब्रजपर्यंत मी 'बी'चे वाक्प्रचार तीनदा ऐकले.

कराडला बाई उतरल्या आणि त्यांच्या जागी एक निवृत्त सुभेदार बसले. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, मांडीवर कव्हर निघालेली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी. कवठे महांकाळला निघाले होते. पेठ नाक्यापर्यंत त्यांनी रोहिणीचं पाठांतर निमूटपणे ऐकलं, मग माझ्याकडे वळले.

"मास्तर, ही पोर भाषा शिकतीया का हजेरी घेतीया?"

माझी कानशिलं तापली. मास्तर असल्याचं मी सांगितलंही नव्हतं. बहुधा माझ्या हातातल्या लाल पेनावरून ओळखलं असावं.

आष्टा यायच्या आधी टायर बसला. "उतरा पाव्हणं, तासभर तरी जातंय बघा," कंडक्टर म्हणाला. उसाच्या फडाला लागून एक रसवंती होती, तिथे आम्ही सगळे जमलो. रस गोड, पण मुलाखत दुपारी दोनला आणि यादी अजून 'टी'वर. मी घड्याळ बघत फेऱ्या मारत होतो. सुभेदार मात्र सासुरवाडीला आल्यासारखे ऐसपैस बसले होते.

"आमी भरती झालो तवा इंग्रजी लय कच्चं," ते रोहिणीला सांगू लागले. "चौकीवर बर्फात चार महिनं आणि संगती ह्ये एकच पुस्तक. डिक्शनरी न्हाई, मास्तर न्हाई. अडलं तरी फुडं जायाचं. तसंच बोलणं परत कुठं आलं की कडंला आदल्या पानाचा आकडा घालायचा. दोन्ही जागा ताडून बघायच्या. तिसऱ्यांदा आलं की कळतंय."

"आणि नाहीच कळलं तर?" मी खवचटपणे विचारलं.

"आवं मास्तर, गावात नवा माणूस आला तर त्याची कुंडली मागतो व्हय आपण? कुणाच्या ओट्यावर बसतोय, कुणाला बघून वाट बदलतोय, त्यावरनंच वळखतो की."

रोहिणीने पुस्तक घेतलं. समासात खरोखरच नुसते पेन्सिलीचे आकडे होते, अर्थ एकही नाही. ती मागची पानं, पुढची पानं चाळू लागली. एकदा चक्क खुदकन हसली. मी यादी तिच्यापुढे धरली तर ती म्हणाली, "एवढं पान होऊ द्या, मामा." मला राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. ही दुसऱ्यांदा नापास झाली तर बहिणीला कुठल्या तोंडाने सांगू?

सांगलीत सुभेदारांनी पुस्तक तिच्याकडेच ठेवलं. "वाचून झालं की फुडं कुणालातरी दे," एवढंच म्हणाले आणि कवठे महांकाळच्या गाडीकडे गेले.

विश्रामबागेत मी दोन तास फुटपाथवर काढले. भडंगाचं (तिखट, लसूण लावलेले चुरमुरे) पाकीट घेतलं आणि घशाखाली एक मूठही उतरली नाही. रोहिणी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे ओले होते.

"झाली निवड!" ती म्हणाली. "उताऱ्यात 'नॉट आउट ऑफ द वुड्स' होतं, मामा. यादीत होतं, पण कुठल्या अक्षरात तेच आठवेना. मग मागचंपुढचं वाचलं. ताप उतरलाय, तरी डॉक्टर म्हाताऱ्याला घरी सोडत नाहीत. म्हणजे धोका अजून टळलेला नाही. तसं सांगितलं."

परतीच्या गाडीत ती डोकं टेकून झोपली. मी नाइलाजाने ते पुस्तक उघडलं. एका म्हाताऱ्या शिपायाला जमीनदाराच्या रानातून लाकडाची मोळी नेणारी विधवा दिसते. तो थांबतो, चिलीम पेटवतो आणि ती लांब जाईपर्यंत नदीकडे बघत बसतो. 'टर्न अ ब्लाइंड आय.' माझ्या यादीत पुढे लिहिलं होतं, कानाडोळा करणे, आणि तेवढं लिहिणाऱ्या पोराला मी पूर्ण मार्क देत आलो होतो. ती मोळी, ती नदी मी कुणालाच दाखवली नव्हती. मला तरी कुठे ठाऊक होती?

समासात रोहिणीचं बारीक अक्षर दिसलं, रसवंतीवर लिहिलेलं: "मामांच्या यादीत तीनशे बासष्ट. इथे भेटला."

तीस वर्षं मी पोरांना त्या वाक्प्रचाराची ओळख करून दिली होती. माझी त्याच्याशी भेट मात्र त्या संध्याकाळी झाली, उंब्रज सुटल्यावर, पहिल्यांदा.