गरजू महिलांना रोजगार

बायकोच्या बिबड्यांच्या रीलवर मी 'गरजू महिलांना रोजगार' असं लिहिलं. त्या महिलांना विचारलं नाही, बायकोलाही नाही.

त्याआधी शहाद्यात माझं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. लोक घरबसल्या स्वतःच रिचार्ज करायला लागले आणि दुकानात मी आणि पंखा उरलो. तेवढ्या पुण्याईवर घरात मोबाइलचा जाणकार मीच. म्हणून बायकोनं बिबडे विकायचं ठरवलं, तेव्हा इन्स्टाग्रामचं पेज माझ्याकडे आलं. तिनं बिबडे करायचे, मी फॉलोअर जमवायचे. वाटणीत सोपं काम मला मिळालं आणि तेच मी नासवलं.

बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. भिजवून दळलेल्या ज्वारीचा दाट घाटा मोठ्या पातेल्यात शिजवायचा आणि खाटेवर अंथरलेल्या ओल्या धोतरावर गरम असतानाच हातानं थापायचा. गार झाला की तो कोणाचं ऐकत नाही. एकटीचं काम नव्हे ते. म्हणून उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. मजुरी नाही, येणारीला वाटीभर घाटा तेल घालून द्यायचा, बस. बायकोला विकायला जास्तीचे करायचे होते, म्हणून ती आधीच सगळ्यांच्या घरी कोपरं दुखेपर्यंत थापून आली होती. आधी करायचं, मग बोलवायचं, हा तिचा स्वभाव.

पहिल्या खेपेला सगळ्या आल्या. मी मोबाइल घेऊन खाटांभोवती फिरलो. शेजारची काकू पदर खोचून थापत होती. तिच्या शेतातली केळी ट्रक भरून दिल्लीकडे जातात.

"नीट काढजो रे भो," ती म्हणाली. "मन्ही बहीण बी देखस."

नीटच काढलं. मग घरात बसून मागे रडकं व्हायोलिन लावलं, काकूच्या सुरकुत्यांवर चित्र जरा थांबवलं आणि वर ते वाक्य चिकटवलं. दुसऱ्या पेजांवर असंच असतं. नुसते बिबडे बघून कोणी थांबत नव्हतं. गरजू बघून थांबले.

आणि कसे थांबले! सकाळी उठून पाहावं तर फॉलोअर वाढलेले. 'या माउलींना सलाम.' हात जोडलेले, डोळे पाणावलेले. पुण्यामुंबईच्या ऑर्डरी. एका ताईंनी विचारलं, यांच्यासाठी जुन्या साड्या कुठे पाठवू? मी पत्ता दिलासुद्धा.

ऑर्डरी पाहून बायकोनं ज्वारी भिजत घातली. रील पाहायला तिला वेळ कुठला. ठरल्या दिवशी उजाडता चूल पेटली, धोतरं ओली झाली, घाटा रटरटायला लागला. कोणी आलं नाही.

बोलवायला मी गेलो. काकू ओट्यावर लसूण सोलत होती.

"काकू, घाटा तयार शे."

"मंग?"

"सगळ्या वाट..."

"मन्हा जवाईना सुरतथीन फोन उना. इचारस, मामी, तुम्ही आते कामले जातस का? मी कधीपाईन गरजू झाई रे?"

"तसं नाही काकू, ती एक मार्केटिंगची पद्धत असते," मी म्हणालो. घाबरलो की मला शाळेतली मराठी फुटते.

"तुन्ही बायको मन्हा घर येस, म्हनीसन मी तुन्हा घर येस. तू रोजगार देस ना? मंग जा, मजूर लाव."

बाकीची दारं उघडीच होती. मी दिसलो तशी एकेक लागत गेली.

मग आम्ही दोघंच बसलो. माझे हात पोळले आणि माझे बिबडे तालुक्यांच्या नकाशासारखे निघाले. पातेल्यात घाटा घट्ट व्हायला लागला, तेव्हा मी बायकोला रील दाखवली. तिनं व्हायोलिनसकट पूर्ण पाहिली. मग आयुष्यात पहिल्यांदाच तिनं विचारलं, "फॉलोअर कितला झायात?"

मी सांगितलं. तिनं मान हलवली आणि चुलीतली लाकडं बाहेर ओढली.

मी रील काढून टाकली, पण ती गल्लीच्या ग्रुपवर आधीच फिरली होती. ऑर्डरी रद्द केल्या. उरलेला उन्हाळा भिंतीपलीकडून ओल्या धोतरावर थापल्याचे आवाज येत राहिले आणि बायको घरात बसून ते ऐकत राहिली. तिला कोणी बोलावलं नाही. पेजवरचे लोक मात्र विचारत होते, माउली कशा आहेत?

हे सगळं नंतरचं; त्या दिवशी दुपारी मात्र घाट्याचा दगड झाला. बायकोनं तो घमेल्यात काढून माझ्यापुढे सरकवला.

"म्हशीसले टाकी या."

गल्लीत म्हशी एकाच घरी. मी घमेलं घेऊन काकूच्या गोठ्यात गेलो. तिनं बोटानं गव्हाण दाखवली. मी खाली मान घालून ओतायला लागलो.

"थांब," काकू म्हणाली. "पहिले व्हिडिओ काढी ले. आनि वर लिख, गरजू म्हशीसले खुराक."