किमान पाच मिनिटं

गावाला पाणी सोडणाऱ्या माणसाला सगळे टाकीदादा म्हणत. त्याची उभी हयात व्हॉल्व्हची चावी फिरवण्यात गेली. टाकीत पावडर टाकायची, घोटभर पाणी चाखायचं, तोंड वाकडं करायचं, की झाली तपासणी.

मग शुद्ध पाण्याचा नवा नियम आला. नियम चांगलाच होता. त्याला नावं कोण ठेवणार? नवी गाळणयंत्रं, दर आठवड्याला पाण्याचा नमुना बर्फाच्या पेटीतून शहरातल्या प्रयोगशाळेत, आणि शिक्के मारायला एक साहेब. खर्च कोणी करायचा, एवढंच लिहायचं राहून गेलं. शहरात तो लाखो नळांत विरघळला, इथे मूठभर नळांच्या डोक्यावर बसला. पाणीपट्टी तिप्पट झाली. काहींनी नळ बंद करून घेतले, म्हणून उरलेल्यांची आणखी वाढली, म्हणून त्यातल्याही काहींनी हात टेकले. पाणी इतकं शुद्ध झालं, की ते प्यायला माणसं उरेनात. लोक जुन्या खाणीतल्या डबक्यावर जाऊ लागले. डबक्याला नियम लागू नव्हता.

टाकीदादाची थोरली बहीण त्यातलीच. पोट बिघडून बिघडून ती अर्धी झाली होती.

"अक्का, पट्टी मी भरतो."

"आधी तुझी तरी भरून होते का?"

तिचा नळ त्यानेच बंद केला होता. तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

एक दिवस साहेबाचा फोन आला. "या वेळी नमुना लाइनीच्या टोकाच्या घरातला हवा."

टोकाचं घर अक्काचं. "तो नळ बंद आहे, साहेब."

"मग नमुन्यापुरता उघडा! नियम म्हणजे नियम."

टाकीदादाने अक्काच्या घराबाहेरचा व्हॉल्व्ह उघडला, आत येऊन नळ सोडला आणि बाटली हातात धरून नुसताच उभा राहिला.

"अरे, वाया चाललंय की!"

"नियमच आहे, अक्का. नमुना घेण्याआधी नळ किमान पाच मिनिटं वाहू द्यायचा."

अक्काने नळाखाली हंडा सरकवला. मग बादली, मग पातेली. दारात शेजारीण येऊन उभी राहिली, तिच्या हातात रिकामी घागर.

पाच मिनिटं झाली. टाकीदादाचा हात नळाकडे गेला आणि थांबला. नियम त्याला तोंडपाठ होता, पण त्यातला 'किमान' त्याला आज पहिल्यांदा ऐकू आला. त्याने घड्याळ काढून खिशात टाकलं.

"अजून नीट वाहिलं नाही," तो शेजारणीला म्हणाला. "आण ती घागर."

अक्का पेला भरून घटाघटा प्यायली.

"कसं आहे?" त्याने विचारलं.

"औषधाचा वास मारतोय मेला," ती तोंड वाकडं करून म्हणाली, आणि तिने दुसरा पेला भरला.