ऊन कळलं की ऊन कललं?

...आणि परवा तुम्ही सगळे म्हणालात, फोटो एडिट करून टाक, कोणाला कळतंय! नाही यार. युटाच्या त्याच कॅन्यनमध्ये मी आज तिसऱ्यांदा गेले. आधीच्या दोन्ही ट्रिप्सचे फोटो पांढरेफटक आले होते आणि उद्या सकाळी घरी, टेक्सासमधल्या अर्विंगला परतायची फ्लाइट आहे. म्हणजे आज नाही तर नाहीच.

सोबत माझी रूममेट सायली आणि नागपूरहून आलेले तिचे बाबा. अकरा वाजता मी ट्रायपॉड लावला, तर काका म्हणाले, "आत्ता कशाला? ऊन कळलं की काढ." निदान मला तरी तसंच ऐकू आलं.

मला वाटलं, वा, काय डीप! मग मी ऊन समजून घ्यायलाच बसले. दर अर्ध्या तासाला ते कुठे पडतंय, ते लिहून ठेवलं.

सायली वैतागली. "चार तास झाले! बाबा, हिला सांगा ना काहीतरी." काका सावलीत बसून निवांत चिवडा खात होते.

साडेतीनला कॅन्यनच्या समोरच्या भिंतीवर ऊन आलं आणि त्याच्या उजेडाने आमच्या बाजूचा सगळा दगड केशरी झाला, आतून पेटल्यासारखा. फोटो काढता काढता मी ओरडले, "काका, ऊन कळलं!"

काका पोट धरून हसायला लागले. "अगं, कळलं नाही, कललं! लाडूतला ल! दुपार टळू दे, एवढंच म्हणत होतो मी. तुम्ही इंग्लिश मीडियमवाले ना!"

फोटो भारी आलाय, काहीही एडिट न करता. पण सायली अजून माझ्याशी बोलत नाहीये. एका फोटोसाठी दोघांना एवढा वेळ दगडावर बसवून ठेवणं, तुमच्या मते ही जिद्द की स्वार्थीपणा?