बाटलीतलं सौर वादळ

विज्ञान शिकवणाऱ्या मास्तरला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते रोज साडेदहाला मस्टरवर सही करून आपणहून आत येतात. वरवंडच्या आमच्या शाळेत मी तर फक्त एक बाटली मांडली होती.

बाटलीत दोऱ्याला टांगलेला लोहचुंबक, त्यावर आरशाचा तुकडा, आरशावर लेझर आणि समोरच्या भिंतीवर लाल ठिपका. सूर्यावर वादळ उठलं की पृथ्वीचं चुंबकत्व हादरतं. ध्रुवांकडे चांगलंच, आकाशात हिरवे पडदे हलतात इतकं. आपल्याकडे जेमतेम. तो जेमतेम धक्का मला वरवंडमध्ये पकडायचा होता. दोन वर्षं दुसरं काही मागितलं नाही हो मी!

* * *

परवानगी मागितली, तर हेडसर म्हणाले, "ध्रुवावरचं ध्रुवावरच्या शाळा बघतील. तुम्ही दहावीचा निकाल बघा."

महिनाभर मागे लागल्यावर अडगळीची खोली मिळाली.

* * *

स्टाफरूममध्ये सगळं समजावून सांगितलं, ही माझी घोडचूक. दुसऱ्या दिवसापासून कासुर्डीहून येणाऱ्या बाईंची एसटी सौर वादळामुळे चुकायला लागली. एकाने रजेच्या अर्जात कारण लिहिलं, सौर वादळामुळे अंगात कणकण. हेडसरांनी तो अर्ज माझ्याकडेच पाठवला, 'खात्री करून अभिप्राय द्यावा' असा शेरा मारून!

* * *

मग एक दिवस ठिपका हलला. चांगला वीतभर! दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. मी आनंदाने वहीत नोंदी केल्या, पुण्याच्या एका प्राध्यापकांना फोनही केला. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की सूर्य नेमका सव्वादहालाच कसा खवळतो? खिडकीतून बघितलं, तर भिंतीला टेकवून गणिताचे जगताप सर बुलेट लावत होते.

गाडी लांब लावा म्हटलं, तर तेच चिडले. "नऊ कोटी मैलांवरनं सूर्य येतोय, त्याला जागा हाय. माझ्या बुलेटला न्हाई व्हय?"

त्या दिवशी माझाही आवाज चढला. शाळाभर ऐकू गेला.

* * *

शेवटी मोठं वादळ येणार अशी बातमी आली, आणि नेमकं त्याच दिवशी मला दौंडला प्रशिक्षण! रजा मिळेना. आमचे शिपाई बबनमामा तेवढे विश्वासाचे. त्यांना बजावलं, दर अर्ध्या तासाला ठिपक्यावर पेन्सिलीने खूण करा, वेळ लिहा आणि खोलीतलं काहीही हलू देऊ नका.

दौंडला दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दुपारीच मोबाईलवर आलं, वादळ धडकलं. संध्याकाळी धावत शाळेत आलो. मामा खोलीच्या दारात स्टूल टाकून बसले होते, जेवायलासुद्धा उठले नव्हते. भिंतीवरच्या कागदावर साडेबारापर्यंतच्या खुणा किंचित मागेपुढे होत्या, एकची खूण बोटभर बाजूला होती आणि पुढच्या सगळ्या एकाच जागी, एकावर एक.

मी त्या खुणांवर बोट ठेवून विचारलं, हे काय?

"एक वाजता हलाया लागला व्हता, सर," मामा म्हणाले. "मंग मी बाटलीचं झाकण काढलं आन् चुंबकाला चिकटपट्टी मारली. तवापासून जागचा हलू दिला न्हाई."