अधिक महिना दोनदा

माझे वडील मोजणी खात्यात होते. चांदवड तालुक्यातली निम्मी शेतं त्यांनी साखळी टाकून मोजलेली. बांधावर सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे असले तरी दादांनी आकडा सांगितला की भांडण मिटायचं, निदान घरी येऊन ते तसं सांगायचे. पेन्शनीत आल्यावर मोजायला जमीन उरली नाही, तेव्हा ते घरच मोजू लागले. समईत तेल किती, रांजणात पाणी किती, माझ्या धाकट्या भावाने पोळ्या किती खाल्ल्या. मला पहिल्या बाळंतपणासाठी सिन्नरहून नाशकाला आणलं, आणि मग त्यांनी मला मोजायला घेतलं.

आता मोजायचं तर कुठून तरी सुरुवात करावी लागते. ती सुरुवात मला ठाऊक होती, आईला ठाऊक होती, पण दादांना सांगायची सोय नव्हती. त्या वर्षी मी नागपंचमीला माहेरी आले आणि नेमकी त्याच दिवशी बाहेर बसले. मैत्रिणी झोके घेत होत्या आणि मी मागच्या खोलीत घोंगडीवर बसून त्यांची गाणी ऐकत होते. त्यानंतर मी सासरी गेले ती पुन्हा बाहेर बसले नाही. एवढी सरळ गोष्ट. पण आमच्या घरात 'कावळा शिवला' हे शब्दसुद्धा पुरुषांच्या कानावर पडू द्यायचे नाहीत अशी रीत. बाई चार दिवस वेगळ्या ताटात जेवताना दादांना रोज दिसायची, तरी ती त्यांना दिसायची नाही. मुलीला दिवस गेल्याचं त्यांनी बर्फी वाटून साजरं केलं, पण ते कधीपासून गेले हे विचारणं म्हणजे शांतं पापम्!

म्हणून आईने मधला मार्ग काढला होता. स्वयंपाकघराच्या दाराआड ती दर महिन्याच्या शुद्ध पंचमीला कुंकवाचं एक बोट लावायची. एक महिना पुरा झाला की एक बोट. तिला लिहिता येत नव्हतं, पण तिची मोजणी चोख होती. फाल्गुनातल्या पंचमीला आठ बोटं झाली, आणि दादांनी चष्मा लावून त्यांची तपासणी केली.

"आठच?" दादा म्हणाले. "तुम्हा बायकांना अधिक महिना धरायचं कधी सुचायचं नाही. या वर्षी अधिक भाद्रपद होता."

होताच. अधिकाचं वाण म्हणून जावयाला तेहतीस अनारसे दिले होते, तेही दादांनी स्वतः मोजून, आणि तिथे एकही चुकला नव्हता. पण आईने अधिकातसुद्धा बोट लावलेलं होतं. तिच्या आठात तो आधीच आलेला होता. दादांनी तो पुन्हा मिळवला आणि आठाचे नऊ केले. आई पदर सावरून चुलीकडे वळली. मला वाटलं, तिला हिशेब कळला नाही.

झालं. नवावर नऊ दिवस धरून दादांनी माझ्या बाळंतपणाची तिथी काढली, ती आली होळीच्या आदल्या दिवशी. होळी पेटली, विझली, लोकांनी तिच्यावर पाणी तापवून आंघोळी केल्या, मी आपली पुरणपोळी खाऊन धडधाकट. मग घराला घोर लागला. सिन्नरहून सासूबाईंचं कार्ड आलं, "अद्याप काही नाही हे कसे?" शेजारची मावशी येऊन सांगून गेली की दिवस उलटले की मूल पोटात वाढतं आणि मग अडतं. तिच्या चुलतजावेचं तसंच झालं होतं म्हणे. मला भीती वाटू लागली ती तेव्हापासून. माझी तारीख मला पाठ होती, पण पाच-सहा मोठी माणसं एकच गोष्ट सांगू लागली की आपल्याला आपलं पोटही परक्याचं वाटायला लागतं.

मावशीने पहिला उपाय केला. सुंठेच्या काढ्यातून एरंडेल. त्याने जे व्हायचं ते झालं, दिवसभर मी परसातून घरात आणि घरातून परसात. मूल मात्र जागचं हललं नाही. मग कढत पाण्याची आंघोळ, मग परत एरंडेल. दादा ओसरीवर बसून वेळा लिहून ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले. आमच्या आळीचे डॉक्टर भला माणूस, पण बायकांना तपासायची त्यांची पद्धत त्या काळाला धरून होती. ते दाराबाहेर उभे राहायचे, मी दारातून मनगट पुढे करायची, ते भिंतीकडे बघत नाडी धरायचे. बाकीचं सगळं ते दादांना विचारायचे. भूक कशी आहे, दादांना. झोप लागते का, दादांना. किती महिने झाले, तेही दादांनाच.

"नऊ महिने चौदा दिवस," दादा म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज साक्षीदारासारखा होता.

डॉक्टरांनी कोयनेलच्या, त्या हिवतापावरच्याच, गोळ्या दिल्या. दोन घेतल्या आणि माझ्या कानात रातकिडे ओरडू लागले. पोटात कळ यायची आणि जायची. डॉक्टर म्हणाले, "याने नाही सुरू झालं तर उद्या सुई देऊ. नवीन निघाली आहे. मेंदूच्या खाली एक गाठ असते, तिचा अर्क. तासाभरात मोकळी होईल."

"कुणाच्या मेंदूच्या?" दादांनी विचारलं.

डॉक्टरांनी पेटीचं झाकण लावलं. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नसे. "जनावराच्या," ते म्हणाले. "पण विलायती जनावर हो, आपल्याकडचं नव्हे."

दादांनी विचार केला आणि ते पटवून घेतलं. विलायती गाय आपल्या शास्त्रात कुठे येते?

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी चांगली केली, आणि त्यासाठी मी त्यांचे बाकी सगळे गुन्हे माफ केले आहेत. ते म्हणाले, सुई देण्याआधी कुणीतरी आतून तपासलं पाहिजे. ते काही आपण करणार नाही, बाईमाणूस लागेल. म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावणं गेलं.

त्या आल्या तो दिवस रंगपंचमीचा. चौकातली रहाड उघडली होती, म्हणजे जमिनीतला तो दगडी हौद वर्षातून एकदा रंगाने भरला होता, आणि माणसं त्यात धप्पाधप उड्या टाकत होती. टांगा पुढे येईना, तेव्हा बाई छत्री उघडून गर्दीतून चालत आल्या. पातळ गुडघ्यापर्यंत केशरी झालेलं. पाय धुऊन, हात दोनदा साबणाने धुऊन त्या माझ्याजवळ बसल्या. सुई घेऊन आलेले डॉक्टर ओसरीवर थांबले. दादा उंबरठ्याबाहेर उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "नऊ महिने पंधरा दिवस झाले."

बाईंनी मागे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी माझ्या पोटावर हात फिरवला, तळहाताने मोजलं, मग मलाच विचारलं, "शेवटची बाहेर कधी बसली होतीस?"

मला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. मी आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. दाराबाहेर दादांची सावली होती. ती हलेना. बापाच्या कानावर हे घालण्यापेक्षा मेलेलं बरं, असं क्षणभर खरंच वाटलं. मग पोटात बाळाने लाथ मारली आणि मी एकदाची मोठ्याने बोलले.

"नागपंचमीला. इथेच, मागच्या खोलीत."

बाहेर सावली नाहीशी झाली.

बाईंनी बोटांच्या पेरांवर मोजलं. "साडेआठ महिने. पोटही तेवढंच सांगतंय. अजून तीन आठवडे तरी आहेत." मग त्यांनी आत हात घालून पाहिलं. "तोंड घट्ट बंद आहे. डोकं अजून वरच आहे." हात धुताधुता त्या डॉक्टरांना, म्हणजे भिंतीपलीकडच्या डॉक्टरांना, ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "औषध वाईट नाही. खरोखर दिवस उलटलेले असतील, डोकं खाली आलेलं असेल, तोंड मऊ पडलेलं असेल, तर थेंबाथेंबाने देतात, आणि देणारा खाटेजवळून उठत नाही. बंद तोंडावर ही सुई दिली तर पिशवी फाटते. मग आई राहत नाही आणि मूलही राहत नाही. आणि त्या गोळ्या आजपासून बंद. एरंडेल दिव्यात घाला."

डॉक्टरांनी बाहेरूनच "बरोबर, बरोबर" म्हटलं आणि आपली पेटी उचलून ते गेले.

दादा संध्याकाळपर्यंत पंचांग मांडीवर घेऊन बसले होते. चूक सापडली की नाही हे त्यांनी कधी सांगितलं नाही. महिनाभर माझ्याशी थेट बोलले नाहीत. मी बेशरम ठरले होते, आणि त्याचं मला मुळीच वाईट वाटलं नाही.

चैत्रात, श्रीरामाचा रथ निघून गेल्यावर तीन दिवसांनी, कुणी काही न पाजता, न टोचता मला मुलगा झाला. सात पौंडांचा. रडला तो अख्ख्या आळीला ऐकू गेला. दादांनी बर्फी वाटली आणि ओसरीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "नऊ महिने नऊ दिवस. अधिक धरून अगदी चोख! मोजणीत आमच्या फरक नाही." लोकांनी माना डोलावल्या.

मी आत बाजेवर पडून ऐकत होते. आई बाळाला तेल लावत होती. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आई, आठात अधिक आलेला होता. तुला कळलं नाही का गं तेव्हा?"

"कळलं होतं," आई म्हणाली.

"मग बोलली का नाहीस? मी मेले असते ना!" माझा आवाज चढला होता. इतका राग मला दादांचाही आला नव्हता.

आईचे हात थांबले नाहीत. बाळाच्या पाठीवरून ते खालीवर फिरत होते.

"यांच्यापुढं कसं बोलणार?" ती म्हणाली. "तुझ्या आधी एक झाला होता. तेव्हाही महिने यांनीच मोजले होते, आणि सुईणीने काढा पाजला होता. अंगावर लव होती नुसती, नखं आली नव्हती. तेव्हाही मला ठाऊक होतं."

मला माझ्याआधी कुणी झालं होतं हे मी अठरा वर्षांत पहिल्यांदा ऐकत होते. मी त्याचं नाव विचारलं.

"तिसऱ्या दिवशी गेला," आई म्हणाली. "बारसं बाराव्याला असतं."