पदवीची रिकामी ओळ

बारामतीच्या एमआयडीसीत दूध तपासायच्या लॅबमध्ये मी नोकरीला लागले, तेव्हा आमच्या साहेबांबद्दल जो तो एकच सांगायचा, "कॅनडात शिकून आलेत." निमगाव केतकीच्या मेंढपाळाचा मुलगा मेंढ्यांचे रोग शिकायला तिकडं गेला होता, याचं मला फार अप्रूप होतं. मला स्वतःलाही कुठंतरी निघून जायचं होतं. कुठं, ते ठाऊक नव्हतं. नमुने तपासताना पाय सारखे हलत असायचे.

साहेबांच्या नावावर त्या विद्यापीठाचं मासिक यायचं. त्यात नाव काढलेल्या माजी विद्यार्थ्यांची माहिती असायची. कुणी न्यायाधीश झालेला, कुणा बाईनं बर्फाळ मुलखात दवाखाना काढलेला. जेवणाच्या सुट्टीत मी ती पानं वाचायचे, मग दुपारभर कामात लक्ष लागायचं नाही.

एकदा मासिकाबरोबर एक फॉर्म आला. तुमच्याबद्दल कळवा, आम्ही छापू. साहेबांनी मला टाइपरायटरवर बसवलं. गाव, काम, सगळं सांगितलं. 'पदवी आणि वर्ष' या ओळीपाशी ते उठून खिडकीशी गेले.

"राहू दे. उद्या बघू."

तीन आठवडे तो फॉर्म टेबलावरून कपाटात आणि कपाटातून टेबलावर फिरत राहिला. मलाच राहवेना. आपल्यातलं कुणीतरी त्या पानांवर दिसावं, असं वाटत होतं. मी ती ओळ अंदाजानं भरली आणि फॉर्म रोजच्या रिपोर्टांत सरकवला. साहेबांनी न बघताच सही केली. पोस्टात मीच टाकला.

काही महिन्यांनी साहेबांची माहिती मासिकात छापून आली. मॅनेजरनी पेढे वाटले. साहेब मासिक घेऊन लॅबमध्ये आले.

"ही पदवी कुणी लिहिली?"

"मी."

ते स्टुलावर बसले. "मला मिळालीच न्हाय गं ती. दुसऱ्या वर्षी वडलांना अर्धांगवायू झाला, मी अर्ध्यातनं आलो. हितं सगळी डॉक्टर म्हनत गेली, मी गप बसत गेलो. पर आता छापून आलं. आता ते माझं खोटं झालं."

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं, मग चार ओळींचं पत्र टाइप करायला सांगितलं: मी शिक्षण पूर्ण केलेलं नाही, कृपया दुरुस्ती छापावी. माझ्या चुकीचा त्यात उल्लेखही नव्हता. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये, सगळे जेवत असताना, त्यांनी उभं राहून हेच सांगितलं. कुणी मान खाली घातली, कुणी हसलं. मॅनेजरनी त्यानंतर पाहुण्यांना त्यांच्याकडं आणणं बंद केलं.

साहेब मात्र बोलते झाले. तिथलं वसतिगृह, अर्धवट राहिलेला प्रबंध, आगबोटीसारख्या भोंग्याची ती रेल्वे, सगळं पहिल्यांदाच सांगू लागले. मी ऐकत राहायचे आणि माझी तगमग आणखी वाढायची. वर्षभरात मी राजीनामा दिला आणि पुण्याला एम.एस्सी.ला नाव घातलं. अर्जावर शिफारशीची सही साहेबांचीच होती. या वेळी त्यांनी प्रत्येक ओळ वाचली.